डब्यातला वारा

लेखकाला शांतता लागते, हे घरच्यांना पटवणे कठीण. आणि लेखकाच्या यंत्रापायी घरच्यांची शांतता जाते, हे लेखकाला पटणे त्याहून कठीण! माझा संगणक रात्री असा घरघरू लागला, की खाटेवरून आई म्हणाली, “काय रं, रातभर गिरणी चालू ठेवतूस का काय?” दोन खोल्यांचे बिऱ्हाड, कादंबरी अर्धी झालेली आणि आईची झोप तोळामासा. पंखे बदलणे भागच होते.

दुकानदाराने पुढे केला तो पात्यांत दिवे लुकलुकणारा पंखा. दिवाळीला शोभला असता. पण मला वारा हवा होता. मी १२० मिलिमीटरचे दोन पंखे मागितले. जुना ८० मिलिमीटरचा. लहान पंख्याला तेवढीच हवा ढकलायला फार जोरात फिरावे लागते, आणि आवाज वाढतो तो वेगाने. वेग निम्मा केला, तर हवा निम्मी होते. पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. म्हणून पंखा मोठा असावा आणि चाल संथ. वर्गातही छडी आपटणाऱ्या मास्तरापेक्षा हळू बोलणाऱ्याचेच पोरे ऐकतात, असा माझा तरी अनुभव आहे.

साध्या बुशाचा पंखा नवा असताना मुका असतो, वंगण आटले की कुरकुरतो. बॉल बेअरिंगचा टिकतो, पण गुणगुणतो. द्रव बेअरिंगचा दोन्ही साधतो, म्हणून महाग. ‘नॉक्टुआ’ ही ऑस्ट्रियाची कंपनी २००५ सालची. या लॅटिन शब्दाचा अर्थ लहानसे घुबड; रात्री चाहूल न देता उडणारा पक्षी. घुबड म्हणजे लक्ष्मीचे वाहन ना? किंमत ऐकली आणि कळले, हे वाहन लक्ष्मीला आणायला नव्हे, न्यायला आले आहे! मी साधेच पण चार तारांचे घेतले. चौथ्या तारेवरून संगणक त्यांना गरजेपुरते हळू-जलद फिरवतो.

बसवताना गावाकडचे माळवदाचे घर आठवले. खाली दार, वर धाब्यात सानं. गार हवा दारातून येई, तापलेली सान्यातून जाई. पेटीलाही तेच हवे. पुढचा पंखा हवा आत घेणारा, मागचा वरच्या अंगाने बाहेर टाकणारा. मोटरीला धरणाऱ्या काड्या ज्या बाजूला, त्या बाजूने हवा बाहेर पडते. पुढे जाळी हवीच. आमच्या काळ्या मातीची धूळ कुणाची भीड धरत नाही. आता आई जागी आहे की झोपली, हे मला तिच्या श्वासावरून कळते.

मे महिन्यात मात्र लातूरचा पारा चाळिशी ओलांडतो. खोलीतल्या हवेहून गार हवा कोणता पंखा कुठून आणणार? त्या दिवसांत मी पहाटे चारला उठून लिहितो.