चाळीस-सत्तरचा बिंदू

ऑक्टोबर लागला की आम्हा बॉस्टनकडच्या हवामानवेड्यांत एकच विषय: यंदा थंडी कशी, बर्फ किती? कुणी एल निन्यो-ला निनाचे आलेख काढून बसतो, कुणी सैबेरियात बर्फ किती झपाट्याने पसरतोय ते पाहतो. त्या बर्फाचा पुढच्या हिवाळ्यातल्या थंडीशी असलेला संबंध हवामानशास्त्रज्ञ जुडा कोहेन यांनी मांडला, तेव्हापासून तो नकाशा उघडल्यावाचून चैन पडत नाही. इथले जुने लोक केसाळ सुरवंटाच्या तांबूस पट्ट्यावरून हिवाळा ओळखतात. आपल्याकडे कावळ्याच्या घरट्यावरून पावसाचं मान सांगतातच की.

ही चर्चा मला जिवापाड आवडते. पथ्य एवढंच, किती आधी काय सांगता येतं याचं भान सुटू द्यायचं नाही. ऑक्टोबरात कळला तर हिवाळ्याचा कल कळतो, वादळ नाही. २०१५-१६ चा हिवाळा घ्या. एल निन्यो जोरात होता आणि नाताळच्या आदल्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये पारा ७२ फॅरनहाइटवर गेला. ऊबदार हिवाळ्याचा अंदाज बरोबरच होता, पण त्याच हिवाळ्यात, २३ जानेवारीच्या वादळात, सेंट्रल पार्कवर २७.५ इंच बर्फ पडला. जीएफएस हे हवामानाचं संगणकी मॉडेल दिवसातून चार वेळा सोळा दिवसांचं भविष्य काढतं. त्यातलं बाराव्या-तेराव्या दिवसाचं वादळ दाखवून फुटांचे आकडे सांगणारा माणूस हवामान वाचत नाही, आपली हौस वाचतो. आम्हाला सगळ्यांनाच बर्फ हवा असतो, म्हणून तर हे जास्त सांभाळावं लागतं.

खरी रंगत शेवटच्या दोन-तीन दिवसांत. नॅन्टकेट बेटाच्या दक्षिणेला, ४० अंश उत्तर आणि ७० अंश पश्चिम या रेषा जिथे छेदतात, तो बिंदू इथल्या प्रत्येक अंदाजकाच्या डोक्यात पक्का असतो. नॉरईस्टरचं, म्हणजे इथल्या किनारी वादळाचं, केंद्र त्याच्या आसपासून गेलं, तर बॉस्टनला बर्फ. किनाऱ्याला जास्त चिकटून गेलं, तर समुद्रावरची ऊबदार हवा आत घुसते आणि शहरात नुसता पाऊस. त्याच वेळी पश्चिमेला वूस्टरच्या टेकड्यांवर फावडी चालू असतात. फार लांबून गेलं, तर सगळेच कोरडे. डिसेंबरात समुद्राची ऊब पुरती गेलेली नसते, त्यामुळे पूर्वेचा वारा म्हटला की माझ्या पोटात गोळा येतो. पारा ३४ फॅरनहाइटवर अडलेला, एकमेकांना चिकटलेले मोठाले ओले पुंजके जमिनीवर पडताच विरताहेत. मग वारा उत्तरेकडे वळतो, पारा भराभर उतरतो, पुंजके बारीक आणि कोरडे होतात, आणि अंगणातली फळी पांढरी व्हायला लागते.

ही फळी म्हणजे बर्फ मोजण्यासाठी पांढरा रंग दिलेला प्लायवूडचा तुकडा. भिंतीपासून आणि झाडांपासून लांब, वारा बर्फाचे ढीग रचणार नाही अशा जागी ती ठेवायची. पट्टी सरळ उभी धरून इंचाच्या दहाव्या भागापर्यंत मोजायचं. फळी झाडायची ती सहा तासांतून एकदाच. साचलेला बर्फ आपल्याच वजनाने दबत जातो. दर तासाला झाडून मोजला, तर बेरीज फुगते. वादळ चालू असताना दर तासाला बाहेर धावण्याचा मोह मला आजही होतो. मी खिडकीतून बघतो, फळीला हात लावत नाही.