बॉक्सपासून चाळीस मीटर

मंडईत नाटक-दंडारीखेरीज काय करावं, यावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं. हा विषय कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे का, असं विचारल्यावर ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, स्पीकरच्या बॉक्सजवळून उठा म्हणून तुम्हीच सगळ्यांना सांगता. आता उठून जायचं कुठं, तेही लिहा."

झाडीपट्टीबाहेरच्या वाचकांसाठी आधी थोडं सांगतो. हलका धान कापून झाला, दिवाळीचं गायगोधन झालं, की गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या भागात गावोगाव मंडई भरायला लागते. दिवस गावानं ठरवायचा, शेजारच्या गावाच्या मंडईवर आपली मंडई येणार नाही असा. दिवसा दंडारीचं लोकनाट्य, गोवारी बांधवांची मोरपिसांनी सजवलेली ढाल, बाजार. रात्री नाटक, पुष्कळदा वडशाच्या एखाद्या मंडळाचं, ते पहाटेपर्यंत. आमचं आमगाव गोंदिया जिल्ह्यात, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडच्या जवळ, त्यामुळे इकडं नाचा आणि खडी गंमत हे लोकनाट्याचे प्रकारही येतात. झाडीपट्टी रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा घरातलंच कोणी मोठं झाल्यासारखा आनंद मला झाला होता. मी नाटकाच्या विरोधात आहे असं कुणी समजू नये, म्हणून हे आधीच लिहून ठेवतो.

गेल्या मंडईनंतर एक तरुण दवाखान्यात आला. दंडारीत ढोलकी वाजवणारा. दिवसभर वाजवून रात्री नाटकाला बसला, जागा मिळाली ती अगदी बॉक्सच्या पुढ्यात. सकाळी कान सुन्न आणि आत बारीक शिट्टी. घरच्यांनी कोमट मोहरीचं तेल टाकलं. (कानात तेल टाकू नका, हे मी किती वर्षं सांगतो आहे! कानाची नस पडद्याच्या पलीकडे असते. तेल तिथं पोचतच नाही; पोचलंच, तर पडद्याला भोक आहे म्हणून, आणि मग ते घातकच.) तो माझ्याकडे आला तोवर ऐकू बरं यायला लागलं होतं. श्रवणचाचणी केली. कागदावरची रेघ सरळ, ४,००० हर्ट्झवर आवाजाच्या माऱ्यानं पडणारा खड्डाही नाही. आईनं हात जोडले, सुटलो म्हणाली. मुलगा मात्र उठेना. "रिपोर्ट नॉर्मल आहे तर सर, चार लोक एकदम बोलले की मला कोण काय बोलते ते समजत का नाही? दंडारीत मागून साथ देणाऱ्या झीलकऱ्यांचे शब्दच पकडता येत नाहीत."

या प्रश्नाचं उत्तर देणं मला अजून जड जातं. आमच्या शास्त्रातला एक मोठा वाद त्यात अडकला आहे, तो सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

आतल्या कानात शंखासारखी एक नळी असते. एका कानात सुमारे साडेपंधरा हजार केसपेशी, त्यांतल्या साडेतीन हजारांच्या आसपास पेशी मेंदूकडे खबर पाठवतात, बाकीच्या आवाज वाढवून नीट करून देतात. मोठ्या आवाजात या केसपेशी, धानाच्या बांधीत गुरं शिरल्यावर रोवणा लोळतो, तशा लोळतात. थोड्या वेळाच्या मारानंतर पुन्हा उभ्या राहतात, फार मार बसला तर मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. पक्ष्यांत उगवतात. 'तात्पुरता बहिरेपणा गेला म्हणजे कान पूर्वीसारखा झाला', असं आम्हाला शिकवलं गेलं होतं. २००९ साली अमेरिकेत शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांना दोन तास १०० डेसिबल आवाज ऐकवला. काही आठवड्यांत त्यांची चाचणी नॉर्मल झाली, केसपेशीही जागच्या जागी होत्या. पण केसपेशी आणि नस यांच्यामधले जोड जिथं आवाजाचा मार सर्वांत जास्त बसला होता तिथं जवळपास निम्मे तुटलेले, कायमचे. नंतर नसेचे धागेही हळूहळू वाळत गेले.

माणसात असंच होतं का? जिवंत माणसाच्या कानातले हे जोड मोजायची सोय नाही, आणि आडमार्गानं केलेल्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून माझ्या क्षेत्रातले पुष्कळ जण म्हणतात, उगाच घाबरवू नका. मला हे पटत नाही. आमची चाचणी शांत खोलीत, एकेका बारीक सुरावर होते. गर्दीतलं बोलणं वेगळं काढायला लागणारे धागे कमी झाले, तरी तेवढा एक सूर ऐकायला थोडे धागे पुरतात. रेघ सरळ आली म्हणून कान शाबूत आहे, असं त्या मुलाला सांगायला माझी जीभ रेटत नाही.

आणि लोक म्हणतात, कानाला सवय होते. कान म्हणजे काय तळहात आहे, घट्टे पडायला? पहिल्या अंकात मोठा वाटणारा आवाज तिसऱ्या अंकात बरा वाटतो, याचा अर्थ कान तितका बधिर झाला. कापसाचे बोळेही फारसे कामाचे नाहीत.

कामाचं आहे ते अंतर. ८५ डेसिबल आवाज आठ तास चालतो, असं कामगारांच्या आरोग्यासाठी धरतात. त्यावर प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा करायचा. उघड्या मैदानात बॉक्सपासूनचं अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलनं उतरतो. समजा पाच मीटरवर १०० डेसिबल आहे, तर तिथं पाव तास पुरे. दहा मीटरवर तास, वीस मीटरवर चार तास, चाळीस मीटरवर रात्रभर. बॉक्सची रांगच लावली असेल तर आवाज इतका लवकर उतरत नाही, हेही ध्यानात ठेवावं. पण चाळीस मीटर म्हणजे किती? मंडईत तेवढ्या अंतरावर जिलेबीची कढई असते.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ साली संगीताच्या जागांसाठी मानक काढलं, त्यात पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये असं आहे, आणि कानाला विश्रांती मिळेल अशी शांत जागा असावी, असंही आहे. ती जागा आमच्या मंडईत पूर्वीपासून होती. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवातही लोक मधेच उठून स्टॉलवर खातात, छायाचित्रांचं प्रदर्शन बघतात, आणि ताजे होऊन पुन्हा गाण्याला बसतात. आमच्याकडे शिंगाड्यांचे ढीग, लाखोरीच्या डाळीचे वडे, पानाचं दुकान, आकाशपाळणा, माहेरी आलेल्या लेकी. आणि सोयरीक. मंडईला पाव्हणे बोलावतात ते नुसतं नाटक दाखवायला नाही. पोरगी कुणाची, पोरगा काय करतो, शेती किती, या गोष्टी कुजबुजत्या आवाजात व्हायच्या असतात. आता बांगड्यांच्या दुकानावर बॉक्स, पाळण्यावर बॉक्स, मंडपात तर आहेच. दोन म्हातारे एकमेकांच्या कानाशी ओरडून सोयरीक बोलताना मी पाहिले आहेत, आणि मला मनापासून वाईट वाटलं. विश्रांतीची जागाच आपण बुजवत चाललो आहोत.

म्हणून गावोगावच्या मंडई समित्यांना माझी विनंती आहे. मंडपाबाहेरच्या दुकानांना बॉक्स लावू देऊ नका. दिवसाची दंडार माइकशिवाय होऊ द्या, ढोलकीला ती ताकद आहे. मंडपात पहिली दहा मीटर जागा दोरी बांधून रिकामी ठेवा.

नाटक पुढूनच बघायचं असेल, तर मेडिकलमध्ये फोमचे इअरप्लग मिळतात. बोटांनी वळून सुतळीसारखा बारीक करायचा, दुसऱ्या हातानं डोक्यावरून कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, मग प्लग आत सरकवून तो फुगेपर्यंत बोटानं धरून ठेवायचा. नुसता तोंडाशी कोंबला तर उपयोग नाही. संवाद ऐकू येतात, काळजी नको. दर तासाला मात्र उठून बाजारात एक फेरी मारावी.

आणि तान्ही लेकरं. आईच्या मांडीवर, बॉक्सच्या पुढ्यात झोपलेली लेकरं दर मंडईत दिसतात. लेकरू झोपलं म्हणजे त्याला आवाजाचा त्रास नाही असं घरचे समजतात. झोपेत कान बंद होत नाही. आजीनं त्याला घेऊन मंडपाच्या पार मागच्या टोकाला बसावं, नाहीतर घरी थांबावं.