भोसरीची भिशी आणि जपानची भातखाचरे

मंडळी, जपानला जाऊन आलो असे सांगितले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कंपनीने पाठवले का?" आमच्या भोसरीत हा प्रश्न साहजिकच आहे. पिंपरी-चाकणच्या कारखान्यांतून माणसे जपानला जातात, तिकडचे साहेब इकडे येतात. ऐंशीच्या दशकात बजाजने कावासाकीच्या सहकार्याने फटफटी काढली, तेव्हापासून जपान हे नाव आमच्याकडे पोराटोरांनाही पाठ आहे. पण आम्हाला कोणी पाठवले नव्हते. आम्ही चौघे मित्र आपल्या पैशाने, निव्वळ देश बघायला गेलो. एकाचे दुचाकीचे गॅरेज आहे, एक पतसंस्थेत कारकून आहे, एक आळंदीचा माळकरी. तो आणि मी एमआयडीसीतल्या एका लहान वर्कशॉपात मशीन चालवतो. तीन वर्षे भिशी लावली, तेव्हा माणशी पावणेदोन लाख जमले. फुलांच्या बहराचा एप्रिल आम्हाला परवडणारा नव्हता. २०२४ च्या जूनमध्ये तिकीट स्वस्त होते, येनचा भावही उतरला होता, म्हणून जून धरला. माळकऱ्याची एकच अट होती. २९ जूनला माऊलींची पालखी निघणार, त्याआधी परत यायचे.

निघण्याच्या आठ दिवस आधी घरात एक बोलणे झाले होते, ते तुम्हाला आधी सांगायला हवे. भोसरीचे आमचे वावर १९६० नंतरच्या दशकात एमआयडीसीत गेले. जे पैसे हाती आले त्यातून आजोबांनी मावळात दोन एकर भातखाचर घेतले. आज ते नाना, म्हणजे माझे वडील, एकटे करतात. वय सदुसष्ट. शनिवारी मोटारसायकलवर जातात, रविवारी रात्री गुडघे चोळत परत येतात. त्या खाचराला शेतघरासाठी गिऱ्हाईक आले होते आणि दसऱ्याला इसार घ्यायचा असे काकांचे म्हणणे पडले. नाना काही बोलले नाहीत. मी मात्र "विकून टाका" म्हणालो. माझ्या वाट्याच्या पैशात स्वतःचे एक मशीन येत होते. हे मी लपवून ठेवत नाही.

आता जपान. दिल्लीहून रात्रीचे विमान, सकाळी तोक्यो. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. शहराचे वर्णन करीत नाही. उंच इमारती, दिवे आणि गर्दी तुम्ही चित्रांत पाहिलीच आहे. फक्त एक गोष्ट सांगतो. आसाकुसा नावाच्या भागात एक प्रसिद्ध बुद्धमंदिर आहे, तिथे मुंगीला वाट नाही. तिथून दहा-बारा मिनिटे चालत गेले की टेकाडावर मात्सुचियामा शोदेन नावाचे देऊळ लागते. तिथला देव म्हणजे आपला गणपती! हजारांहून अधिक वर्षांपूर्वी बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानला गेलेला. मूर्ती बंद असते, दर्शन होत नाही. नैवेद्य कशाचा, तर मुळ्याचा. हातभर लांब, पांढरेशुभ्र मुळे लोक देवापुढे मांडतात, देवळाच्या भिंतींवर मुळ्याची नक्षी आहे, आणि देवाला वाहिलेले मुळे भक्तांना प्रसाद म्हणून देतात. आमच्या माळकऱ्याला एक मुळा मिळाला. जपानात भाजीच्या कालवणातही माशाचा अर्क असतो, त्यामुळे बिचारा आल्यापासून उपाशीच होता. त्याने तो मुळा आईने दिलेल्या शेंगदाण्याच्या चटणीबरोबर दोन दिवस पुरवून खाल्ला आणि गणपतीला देश कोणता याने काही फरक पडत नाही असा निकाल दिला.

तोक्योहून ओकायामा. ओकायामाच का, तर पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे ना, ते ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेले आहे. त्याला पुणे-ओकायामा मैत्री उद्यान असेही म्हणतात. आम्ही पोरवयात तिथले मासे बघायला जायचो. नक्कल पाहिली, आता अस्सल पाहू, एवढाच विचार. ती वेगवान आगगाडी, शिनकानसेन, १९६४ मध्ये तोक्यो ते ओसाका सुरू झाली आणि १९७२ मध्ये ओकायामापर्यंत पोहोचली. सातशे किलोमीटरच्या आसपासचे अंतर, साडेतीन तासांच्या आत. गॅरेजवाला मित्र तिच्या आवाजाचा अंदाज घेत बसला. मी खिडकीला डोके टेकून बाहेर बघत होतो, आणि मला काही तरी चुकल्यासारखे वाटू लागले. कारखाना, त्याला लागून भातखाचर. चार घरे, मग भातखाचर. गाड्या लावायची जागा, शेजारी पुन्हा पाणी भरलेले खाचर आणि त्यात त्या कारखान्याचे पत्र्याचे प्रतिबिंब. आमच्याकडे शेड उभी राहिली की शेजारचे वावर आधी पडीक पडते, मग त्याला तारेचे कुंपण पडते, मग पाटी लागते. इथे कारखान्याच्या भिंतीपासून हातभर अंतरावर रोप लावलेले होते.

वाटेत क्योतोला एक दिवस थांबलो. फुशिमी इनारीचे देवस्थान पाहिले. डोंगरभर हजारो शेंदरी कमानी. इनारी हा मुळात भाताचा देव, कोल्हा त्याचा दूत. पुढे व्यापाऱ्यांनी तो धंद्याचा देव केला, आणि कमानींवर देणगीदारांची नावे आहेत. आपल्याकडच्या देवळांतल्या पंख्यांची आठवण झाली.

कोराकुएन बाग मात्र सावकाश पाहिली. ओकायामाच्या सरदाराने, इकेदा त्सुनामासा त्याचे नाव, १६८७ मध्ये काम सुरू केले आणि १७०० मध्ये बाग पुरी झाली. आपल्याकडे राजाराम महाराज गेले ते हे साल. पलीकडे नदी, नदीपार काळा किल्ला. काळ्या रंगामुळे लोक त्याला कावळ्याचा किल्ला म्हणतात. १९३४ च्या पुरात आणि १९४५ च्या बाँबफेकीत बागेची नासधूस झाली, ती जुन्या चित्रांवरून पुन्हा उभी केली. तळी, टेकाड, हिरवळ हे सारे पुण्यात पाहिले होते. पुण्यात जे नजरेत भरले नव्हते ते इथे होते. बागेच्या मधोमध भाताची खाचरे आणि चहाचा मळा! सरदाराने हौसेखातर शेत राखलेले. सुरुवातीला बागेत शेती आजच्यापेक्षा बरीच जास्त होती, नंतर तिची हिरवळ झाली. एका जागी जुन्या चिनी पद्धतीचे नऊ चौकोनी वाफे आहेत. भोवतीचे आठ आठ कुळांचे, मधला सगळ्यांनी मिळून पिकवायचा आणि तो राजाचा, अशी ती रीत होती म्हणे. म्हणजे सारा, पण धान्याच्या रूपात. जूनच्या दुसऱ्या रविवारी तिथे लावणीचा सण होतो, बायका पारंपरिक वेषात गाणी म्हणत रोप लावतात. आम्ही पोहोचलो तेव्हा सण होऊन गेला होता. ओळी ताज्या होत्या, दोरी धरून लावल्यासारख्या.

दोरी धरून! मंडळी, तुमच्यापैकी भाताच्या मुलखातल्या वडीलधाऱ्यांना 'जपानी पद्धत' हा शब्द आठवत असेल. १९५० च्या दशकात सरकारने तो गावोगाव नेला. मिठाच्या पाण्यात बी टाकून पोचट दाणे काढायचे, गादीवाफ्यावर रोप करायचे, दोरी धरून ओळीत लावायचे आणि ओळींमधून दातेरी चाकाचे कोळपे ढकलायचे. आमच्या मावळातल्या खोपीत असे एक कोळपे पडून आहे, जमिनीबरोबर आधीच्या मालकाने दिलेले. नाना त्याला जपानी कोळपे म्हणतात. मी लहानपणी त्याची गाडी करून खेळायचो.

दुसऱ्या दिवशी भाड्याच्या सायकली घेतल्या. ओकायामाच्या पश्चिमेला किबी नावाचे मैदान आहे, त्यातून खास सायकलींची वाट काढली आहे. दोन्हीकडे खाचरे, मध्येच पाचमजली लाकडी पॅगोडा, जुनी देवस्थाने. मोमोतारोची गोष्ट याच मुलखाशी जोडलेली आहे: म्हातारा-म्हातारीला नदीतून वाहत आलेल्या पीचच्या फळात मूल सापडते आणि ते पुढे राक्षसांना मारते. म्हातारपणी घर करायला मूल हवे, ही ओढ तिथेही आहे.

वाटेत एक छोटे छप्पर दिसले. त्यात कांदे, वांगी, काकड्यांच्या पिशव्या आणि एक डबा. माणूस कोणी नाही. पिशवी घ्यायची, डब्यात शंभर येन टाकायचे, म्हणजे तेव्हाचे आपले पन्नास-पंचावन्न रुपये. कारकून मित्राला राहवेना, त्याने आजूबाजूला कॅमेरा शोधला. आम्ही काकड्या घेऊन पैसे टाकले आणि तिथेच बांधावर खात बसलो.

समोरच्या खाचरात एक म्हातारबाबा लावणीचे यंत्र चालवत होते. मागून चालत ढकलायचे यंत्र, चार ओळी एकदम लावणारे. त्यांच्या घरच्या आजी बांधावरून रोपांच्या ताटल्या देत होत्या. त्यांचे एक खाचर होईपर्यंत आम्ही बघत राहिलो. मग बाबाच जवळ आले. फोनमध्ये बोलायचे आणि फोनने भाषा बदलून सांगायची, असे आमचे संभाषण चालले. वय शहात्तर. जमीन सहा तान. तान हे त्यांचे माप, जवळजवळ आपल्या दहा गुंठ्यांएवढे. म्हणजे दीड एकर. त्यांचे वडील कूळ होते. युद्धानंतर, १९४६ पासून चार-पाच वर्षांत, तिथल्या सरकारने जमीनदारांच्या जमिनी घेऊन कुळांना विकल्या, त्यात ही मिळाली. आपल्याकडचा कूळकायदा १९४८ चा आणि कृषकदिन १ एप्रिल १९५७ चा. एकाच काळात दोन देशांतली कुळे मालक झाली, हे मला तिथे बांधावर बसल्यावर उमगले. एका तानाला टरफल काढलेला तांदूळ सव्वापाच क्विंटलच्या आसपास उतरतो, म्हणाले. भाव? बाबांनी हात हलवला. यंत्रांचा खर्च आणि भाताचे पैसे जेमतेम जुळतात. मुलगा ओसाकाला कचेरीत. लावणी-कापणीच्या रविवारी येतो, या रविवारी जमले नव्हते.

त्यांच्या शेजारचे खाचर गवताने माजले होते. मालक वारला, वारस शहरात. २०२० च्या शेती-गणनेत जपानात मुख्यतः शेतीवर राबणारी माणसे साडेतेरा लाखांच्या घरात भरली. पाच वर्षांपूर्वी ती साडेसतरा लाखांच्या घरात होती. आणि त्यांचे सरासरी वय जवळजवळ अडुसष्ट. सरासरी, बरे का! आगगाडीच्या खिडकीतून मला जी हिरवी शिस्त दिसली होती, ती सारी नानांच्या वयाच्या माणसांनी धरून ठेवलेली होती.

मग बाबांनी विचारले, "तुमचे शेत कोण करतो?" मी म्हणालो, "वडील." ते पुन्हा काही बोलले आणि फोनमधल्या बाईने मराठीत सांगितले, "नंतर?"

मी उत्तर दिले नाही. फोन खिशात ठेवला आणि उगीच खोपीकडे बघितले. तिथे खुंटीला कोळपे टांगलेले होते. तेच दातेरी चाक, तोच लांब दांडा. मी बोट दाखवले, आमच्याकडेही आहे असे खुणेने सांगितले, तर बाबा मोठ्याने हसले आणि आजींना हाका मारून बोलावले. ओकायामाच्या उत्तरेला तोत्तोरी म्हणून भाग आहे. तिथल्या नाकाई ताइचिरो नावाच्या माणसाने १८९२ च्या सुमारास असे कोळपे तयार केले. तेव्हापासून बायकांचे वाकून तण काढणे कमी झाले. ते चाक मावळात आमच्या खोपीत कसे येऊन पडले याचा हिशोब मला तिथे लागला. आजींनी आम्हाला भाताचे गोळे खायला दिले, आत आंबट फळ घातलेले. तो भात वडगाव मावळच्या केंद्राने १९८७ मध्ये दिलेल्या इंद्रायणीसारखाच चिकट. वास मात्र आपल्या इंद्रायणीला जास्त. हे मी अभिमानाने म्हणतो असे समजा हवे तर.

पालखीच्या चार दिवस आधी भोसरीत परत आलो. नानांनी गणपतीचा मुळा, आगगाडी, किल्ला सगळे ऐकून घेतले. म्हातारबाबांची गोष्ट सांगितल्यावर त्यांनी एकच विचारले, "यंत्र केवढ्याला आहे?" मग आई हसली.

दसऱ्याचा इसार त्या वर्षी राहिला. कोणी नको म्हणाले नाही, नुसता राहिला. २०२५ मध्ये जपानच्या दुकानांत तांदळाचे भाव वर्षापूर्वीच्या दुप्पट झाले, सरकारला राखीव साठा बाहेर काढावा लागला. ती बातमी मी नानांना वाचून दाखवली, तर ते म्हणाले, "अडुसष्ट वर्षांच्या माणसांवर देश जेवायला घातला की असेच होणार." वर्कशॉपात सुट्टीच्या दिवशी मी त्या जुन्या कोळप्याचे मोडलेले तीन दाते वेल्डिंग करून बसवले आणि दांड्याला नवा पाइप लावला. चालते, पण चिखलात डावीकडे ओढते. मशीन घेण्याचे माझ्या डोक्यातून गेलेले नाही आणि काकांचा निरोप यंदाही आला आहे. नाना म्हणाले, लावणी होऊ दे, मग बसू.