थाटीपुरचा रस्ता ओलांडताना

ग्वाल्हेर म्हटले की आपल्याकडच्या माणसाला आधी गाणे आठवते. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी तिथली गायकी इकडे आणली. त्यांचे शिष्य नीलकंठबुवा अलूरमठ यांच्याकडे मल्लिकार्जुन मन्सूर यांची सुरुवातीची तालीम मिरजेत झाली. म्हणजे ग्वाल्हेर आणि धारवाड यांचा सांधा आपल्याच सीमाभागात जुळला. त्यामुळे माझी मावसबहीण ग्वाल्हेरला राहते याचा मला नेहमीच थोडा हेवा वाटत आला.

हे शहर म्हणजे मुळात तीन गावे. किल्ल्याच्या पायथ्याचे जुने ग्वाल्हेर; 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ पडला तिथे वसलेले लष्कर; आणि इंग्रजांची छावणी मुरार. ही छावणी आणि किल्ला 1886 मध्ये झाशीच्या बदल्यात शिंद्यांना परत मिळाले. लष्करात ‘शिंदे की छावणी’, ‘चिटणीस की गोठ’ अशी नावे ऐकली की आपण परमुलखात आहोत हे विसरायला होते. थाटीपुर मात्र पर्यटकांच्या यादीत नाही. मुरारकडच्या बाजूची ही वस्ती. सरकारी क्वार्टर्स, बाजार, दवाखाने, शिकवण्यांचे वर्ग आणि मधोमध सतत गजबजलेला चौराहा.

मावसबहिणीकडे पोहोचल्यावर तिने पहिली सूचना दिली ती किल्ल्याची नव्हे, रस्त्याची. “अगं, इथे एकटी रस्ता क्रॉस करू नकोस. आमच्याबरोबर चल.” पन्नाशीच्या बाईला असे सांगावे याचे मला हसू आले. दुसऱ्या दिवशी सकाळी हसू मावळले. पदपथावर गाड्या आणि हातगाड्या, त्यामुळे माणसे रस्त्यावर. त्यातच दप्तर पाठीवर घेतलेली मुले, ई-रिक्षा, मधेच बसलेली गाय, आणि या सगळ्यांतून हॉर्न वाजवत वाट काढणारा वाळूचा डंपर.

संध्याकाळी शेजारच्या बायका अंगणात जमल्या की बोलणे रस्त्यावरच येई. एका काकीजींची नात सायकलचा हट्ट धरून बसली होती. सायकल आणली, पण ती गच्चीवरच फिरवायची असे ठरले. एक निवृत्त मास्तर रोज रस्त्यापलीकडच्या मित्राकडे बुद्धिबळ खेळायला जात. आता दोघे फोनवर ख्यालीखुशाली विचारतात. अंतर दोनशे पावलांचे. अपघाताची नोंद निदान होते. घाबरून घरात बसलेल्या म्हाताऱ्याची नोंद कोण ठेवणार?

ट्रक शहरात येतातच कशाला, असे मी विचारले. आग्र्याहून झाशीकडे जाणाऱ्या वाहनांसाठी बाहेरून बायपास आहे. पण शहराला लागणारा माल शहरात यावाच लागतो. लष्करातल्या दालबाजारचे धान्य, बांधकामाची वाळू, विटा, गिट्टी. भिंडकडचा रस्ताही महाराजपुऱ्यावरून गोला का मंदिरपाशी शहरात शिरतो. थाटीपुरात जुन्या क्वार्टर्सच्या जागी नव्या इमारतींची योजना आली, म्हणजे माल आणखी आलाच. प्रवेशबंदीची वेळ संपायची वाट पाहत गाड्या बाहेर थांबतात आणि वेळ संपली की एकदमच सुटतात. फेरीवर पैसे मिळणाऱ्या चालकाला प्रत्येक मिनिट मोलाचे.

“त्यांना कोण अडवणार?” असे एकजण म्हणाले आणि त्यांनी बानमोरची आठवण काढली. ग्वाल्हेरजवळच्या या गावात 8 मार्च 2012 रोजी चोरट्या दगडाची ट्रॉली अडवताना तरुण आयपीएस अधिकारी नरेंद्रकुमार ट्रॅक्टरखाली चिरडून गेले. ही आठवण निघाली की अंगणात थोडा वेळ कोणी बोलत नसे.

तरी बायका हातपाय गाळून बसलेल्या नव्हत्या. त्यांचा अर्ज तयार होत होता आणि मागण्या साध्या होत्या. शाळा भरताना आणि सुटताना अवजड गाड्या बंद ठेवा, पदपथ मोकळे करा, गतिरोधकावर पांढरे पट्टे मारा. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 115 नुसार अशी बंदी घालता येते, हे एका वकीलबाईंनी शोधून ठेवले होते. उंच केबिनमधल्या चालकाला बंपरच्या अगदी पुढचे लहान मूल दिसतच नाही, आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लागून गाडी थांबायला चौपट अंतर लागते, हेही अर्जात घातले.

अशा अर्जांनी काय होते, असे वाटणे साहजिक आहे. आज सायकलींसाठी नावाजलेल्या नेदरलँड्समध्ये 1970 च्या सुमारास रस्त्यांवर दरवर्षी शेकडो मुले दगावत होती. 1972 मध्ये आपली मुलगी गमावलेल्या एका पत्रकाराने लेख लिहिला, आईबाप रस्त्यावर उतरले, आणि हळूहळू तिथले रस्ते बदलले.

आपल्याकडे तरी वेगळे काय आहे? पूर्वीचा चार नंबरचा, आता 48 नंबरचा हायवे बेळगावच्या अंगावरूनच जातो. उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्री मागे साधा रिफ्लेक्टरही न लावता चाललेले आपण पाहतोच. ‘वाहने सावकाश हाका’ आणि ‘निधानवागी चलिसि’ या दोन्ही पाट्या आपल्याला वाचता येतात. थाटीपुरात ‘धीरे चलें’ आहे. पाट्यांची कमतरता कुठेच नाही.

थाटीपुरच्या बायकांनी अर्जाआधी एक काम केले होते. आठवडाभर, शाळेच्या वेळेत, आळीपाळीने गच्चीवर बसून त्यांनी गाड्या मोजल्या आणि वहीत वेळेसह लिहिल्या. तक्रारीला वहीचा आधार असला की समोरच्याला उडवाउडवी करणे जड जाते. आपल्या गल्लीच्या तोंडाशी असे बसायला एक वही, एक पेन आणि चार शेजारणी पुरेत. त्यांतली एक मराठी बोलणारी आणि दुसरी कन्नड बोलणारी असली तर अर्ज दोन्ही भाषांत लिहिता येईल.