गाडी कां थांबली?

यंत्र बिघडलें कीं त्यांतील सर्वांत महाग भाग आधीं दोषी ठरवावयाचा, ही खोड मुलांना असते तशी वडील माणसांनाहि असते. आमच्या एका विद्यार्थ्याची रेडिओनें चालणारी गाडी हळू हाकली तर सुखानें पळे. परंतु वेगाची कळ पुरती दाबतांच मोटर बंद पडे. ‘वेगनियंत्रक जळाला आहे, नवा घ्या,’ असें दुकानदारानें सांगून टाकिलें होतें. वडिलांनीं काटकसर करून गाडी घेऊन दिलेली. त्यांजकडे पुन्हां पैसे मागण्याचा मुलास धीर होईना. म्हणून तो ती घेऊन आम्हांकडे आला.

१८९८ सालीं निकोला टेस्ला ह्यांनीं न्यूयॉर्क येथें बिनतारी संदेशानें चालणारी एक लहानशी नाव लोकांस दाखविली होती. ही गाडी त्याच घराण्यांतली. हातांतला ट्रान्समीटर हुकूम सोडतो. गाडींतला रिसीव्हर तो ऐकून दोन चाकरांस वांटून देतो. सर्व्हो पुढचीं चाकें वळवितो, आणि वेगनियंत्रक मोटरला बॅटरीची वीज मोजून देतो. रिसीव्हरला व सर्व्होला लागणारी वीजहि बहुतेक गाड्यांत ह्या नियंत्रकांतूनच मिळते.

आम्हीं मुलास एकच प्रश्न केला: ‘मोटर थांबल्यावर पुढचीं चाकें वळतात का?’

‘होय सर, वळतात.’

ह्या एका उत्तरानें ट्रान्समीटर, रिसीव्हर व सर्व्हो हे तिघेहि निर्दोष सुटले. मग गाडी लांकडी ठोकळ्यावर ठेवून चाकें अधांतरीं केलीं व कळ पुरती दाबावयास लाविली. मोटर थांबेना! जमिनीवर मात्र पुन्हां तेंच. म्हणजे दोष भार पडला कीं प्रकट होई. आणि भार वाढला कीं मोटर जादा प्रवाह ओढते.

बॅटरीचा कनेक्टर चाचपला तों बोट ठेववेना, इतका तापलेला. बॅटरी सोडवून नियंत्रकाच्या बाजूची संरक्षक नळी कापली. आंत एका तारेचा डाख निस्तेज, रवाळ, अर्धवट चिकटलेला. अशा सांध्याचा रोध ०.१ ओहम धरला, तर १५ अँपिअर प्रवाह वाहतांना तेथेंच दीड व्होल्ट गळून जातात, आणि साडेबावीस वॅट उष्णता त्या इवल्याशा जागीं निर्माण होते. उभ्या गाडींत मल्टीमीटर ७.९ व्होल्ट दाखवी, व दुकानदार त्यावरच विसंबला. भार पडल्यावर दोन घटांची ती लिथियम बॅटरी थोडी उतरणारच, ७.४ धरूं. नियंत्रकापर्यंत पोंचतांना ५.९च उरतात. दर घटास ३.२, म्हणजे एकूण ६.४ व्होल्टांच्या खालीं दाब गेला कीं हा नियंत्रक बॅटरी रिकामी झाली असें समजून मोटरची वीज तोडतो, कारण लिथियम घट फार उतरूं दिल्यास नासतात. चाकें वळविण्याची वीज मात्र तो चालू ठेवितो. जळाला म्हणून ज्यास टाकून द्यावयाचें ठरत होतें, तो बिचारा पहाऱ्याची नोकरी इमानानें बजावीत होता!

डाख मुलानें स्वतःच पुन्हां लाविला. आधीं तार व कनेक्टर दोन्ही तापविलीं, मग कथील त्यांवर आपोआप वाहूं दिलें. त्या संध्याकाळीं मैदानावर गाडी पुऱ्या वेगानें दहा मिनिटें पळाली. त्यानें कनेक्टरला बोट लावून पाहिलें; तो जेमतेम कोमट लागला.