उंबऱ्यावरचा कीबोर्ड

अम्मीला ओव्या आठवतात त्या फजरनंतरच. नमाज होते, चहा अर्धा होतो, मग ती पलंगावर भिंतीला टेकून बसते आणि तिचा उजवा हात जात्याचा खुंटा धरल्यासारखा हळूहळू फिरू लागतो. हात फिरला की ओवी येते. नुसते "अम्मी, सांग ना" म्हटले तर येत नाही. घरातले जाते जाऊन ४० वर्षे झाली, पण हाताने ते सोडलेले नाही.

या ओव्या मी कॉम्प्युटरवर उतरवून घेतो. वहीत का नाही? माझा हात कापतो. जन्मभर फळ्यावर वळणदार अक्षर काढले, आता माझेच अक्षर मला लागत नाही. बोटे मात्र कीबोर्डवर बऱ्यापैकी चालतात. मोबाइलवर आवाज भरावा, तर तो समोर धरला की अम्मी डोक्यावर पदर घेते आणि पुण्याच्या नातवाची खुशाली विचारू लागते. फोन म्हणजे पलीकडे कुणीतरी असणारच!

अडचण एकच होती. कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत, अम्मी माजघरात, आणि गुडघ्यांमुळे तिला उठवत नाही. मी बाजारातून ३ मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन वायर आणली, कीबोर्डची दीड मीटरची वायर तिला जोडली आणि उंबऱ्यावर पाट टाकून बसलो. मांडीवर कीबोर्ड, डावीकडे अम्मी, उजवीकडे लांब पडद्यावर मोठ्या टायपातली अक्षरे. महिनाभर झकास चालले. माझ्या अकलेचे मला कौतुकही वाटू लागले होते.

त्या दिवशी अम्मीला भावाची वाट पाहणाऱ्या बहिणीची ओवी आठवली. ही ओवी ती कित्येक महिने शोधत होती. पहिली ओळ मी टाइप केली. दुसरी अर्धी झाली आणि पडद्यावरची अक्षरे थांबली. कोपऱ्यात इंग्रजी सूचना आली, 'यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड.' म्हणजे जोडलेली वस्तू ओळखता येत नाही. अम्मी पुढे म्हणत होती आणि मी वेड्यासारखा कळा बडवत होतो. पेन शोधायला धावलो. शिक्षकाच्या घरात एक चालणारे पेन नसावे! परत आलो तेव्हा तिचा हात थांबला होता.

"लिख्या क्या रे?"

"नाही अम्मी. पुन्हा म्हण ना."

तिने डोळे मिटले, हात दोनदा फिरवला. "बिसर गई रे मैं."

मग दिवसभर मी त्या यंत्राच्या मागे लागलो. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. फरक नाही. पासवर्ड द्यायलाही कीबोर्ड नाही, म्हणून माऊसने पडद्यावरचा कीबोर्ड उघडून एकेक अक्षर टिपले. मुलाला फोन केला. तो म्हणाला, "अब्बा, नुसते शट डाऊन करू नका, रीस्टार्ट करा." नव्या विंडोजमध्ये लवकर सुरू होण्याची एक सोय असते. ती चालू असली तर शट डाऊन करूनही आतल्या काही गोष्टी जपून ठेवल्या जातात, जुना घोळही त्यात राहू शकतो. रीस्टार्ट केल्यावर सगळे नव्याने मांडले जाते. तेही केले. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'अननोन यूएसबी डिव्हाइस' अशी ओळ होती, तीही काढून पाहिली. पुन्हा जोडले की ती हजर.

वायर जोडताना कीबोर्डचे तिन्ही दिवे क्षणभर लुकलुकत. त्यावरून मी ठरवले की वायर शाबूत आहे आणि दोष विंडोजचा आहे. इथेच चुकलो. या साध्या यूएसबी वायरीत चार तारा असतात, दोन विजेच्या, दोन निरोपाच्या. दिवे लुकलुकले म्हणजे वीज पोचली, एवढेच. निरोपाच्या तारांवरून कॉम्प्युटर विचारतो, तू कोण, कोणत्या कंपनीचा, कोणत्या कामाचा? उत्तर धड आले नाही तर तो नवख्याला दारातच उभा ठेवतो. खरी परीक्षा कॅप्स लॉकची. ती कळ दाबल्यावर दिवा लावायचा हुकूम कॉम्प्युटरकडून येतो. माझा दिवा लागत नव्हता.

संध्याकाळी शेजारच्या टेलरमास्तरांचा मुलगा स्वतःचा कीबोर्ड घेऊन आला. तो एक्स्टेन्शनला लावला, तोही चालेना. मग त्याने माझा कीबोर्ड थेट कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूला खोचला. कॅप्स लॉक दाबले, दिवा लागला. सगळे मिळून दोन मिनिटांचे काम! "चाचा, कीबोर्डला तीन मीटरच्या वर वायर नाही चालत," तो म्हणाला. माझी साडेचार मीटर होत होती. मग महिनाभर कशी चालली? त्याने जोडाचे टोक उजेडात धरले. आतली पट्टी सैल झाली होती. रोज ओढत नेऊन, उंबऱ्यावर घासून मीच ती सैल केली होती. आधीच ताणलेले, त्यात जोड ढिला.

मुलानेही सकाळी पहिल्यांदा हेच सुचवले होते, "मधली वायर काढून बघा." मी ऐकले नव्हते. ती वायर काढली तर उंबरा सुटतो, आणि उंबरा सुटला तर अम्मी.

रात्री आम्ही दोघांनी टेबल माजघरात आणले. आमच्या हिला तांदळाची कोठी हलवावी लागली, त्याबद्दल जे ऐकायचे ते ऐकले. त्या ओवीची दीड ओळ फाइलमध्ये दीडच आहे. खाली मी जागा सोडली आहे.

सकाळी अम्मीने चहा घेतला. टेबलाकडे पाहिले, उंबऱ्याकडे पाहिले.

"आज ओ तार किदर है रे?"

"काढली."

"अच्छा किया. पाँव में आती थी."

तिचा हात फिरू लागला. मी आधी कॅप्स लॉक दाबले. दिवा लागला. पुन्हा दाबले, विझला. मग म्हणालो, "हां अम्मी, बोल."