उणे १४ मध्ये मचाणावर

आपल्या इंदूरला डिसेंबरात पारा ८-९ अंशांवर उतरला की घरोघरी ट्रंका उघडतात, डांबराच्या गोळ्यांचा वास घेऊन स्वेटर बाहेर येतात आणि सराफ्यात गराडूच्या कढईभोवती गर्दी होते. माझ्या लेखी थंडी म्हणजे एवढंच. खायचे दिवस! त्यामुळे कामासाठी दोन वर्षं अमेरिकेत मिनियापोलिसला राहायचं ठरलं तेव्हा घरच्यांच्या मानाने मी फारच निश्चिंत होतो. आईने तीन स्वेटर, दोन कानटोप्या आणि लोकरीचा मफलर बॅगेत कोंबला. आता अजून काय हवं?

पहिल्या हिवाळ्यात या समजाला धक्का बसलाच नाही. मिनियापोलिसच्या मध्यभागातल्या इमारती दुसऱ्या मजल्यावर काचेच्या बंदिस्त पुलांनी एकमेकींना जोडलेल्या आहेत. बाहेर उणे २० असताना लोक आत शर्टावर फिरतात. घर, बस, ऑफिस, पुन्हा बस. थंडी मी खिडकीतून पाहिली आणि मला वाटलं, जमलं आपल्याला.

दुसऱ्या वर्षी नोव्हेंबरात टीममधल्या एका मित्राने विचारलं, "शिकारीला येतोस का? बंदूक नको, परवाना नको. नुसता माझ्याशेजारी बस." तो दरवर्षी गावी जाऊन वडिलांबरोबर हरणाची शिकार करतो. मी जरा घुटमळलो. आमचं घर शाकाहारी, आणि आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यापासून शिकार हा गुन्हाच. पण त्याच्या घरी ते मांस वर्षभर फ्रीझरमध्ये ठेवून खातात, वाया काही घालवत नाहीत, आणि बंदुकीचा हंगाम जेमतेम दोन आठवड्यांचा असतो. कॉलेजात असताना सगळे दिवाळीला घरी पळायचे, तसा तो त्या दिवसांत गावी पळतो. शेवटी उत्सुकता जिंकली.

मिनियापोलिसहून उत्तरेला साधारण ३४० किलोमीटर गाडी चालवली. वाटेत डुलुथ लागतं, तिथे लेक सुपीरियर दिसतो आणि याला सरोवर का म्हणायचं हा प्रश्न पडतो, कारण पलीकडचा काठ दिसतच नाही. त्यापुढे लोखंडाच्या खाणींचा पट्टा. आम्ही गेलो ते टॉवर नावाच्या छोट्याशा गावाच्या आसपास. तिथून जवळच सूदान नावाची जुनी खाण आहे. १८८४ साली तिथलं लोखंड पहिल्यांदा बाहेर गेलं आणि १९६२ मध्ये ती बंद झाली. या खाणींवर काम करायला फिनलंडहून खूप लोक आले, माझ्या मित्राचे पणजोबा त्यातलेच. टॉवरची आणखी एक ख्याती आहे. २ फेब्रुवारी १९९६ ला तिथे उणे ६० फॅरनहाइट, म्हणजे उणे ५१ सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. मिनेसोटा राज्याचा तो विक्रम आहे. हे मला मित्राच्या वडिलांनी पोचल्या पोचल्या, स्वतःच्या पराक्रमासारखं सांगितलं.

रात्री जेवताना त्यांनी विचारलं, "उद्या पहाटे उणे १४ असेल. कपडे आहेत ना?"

"भरपूर आहेत," मी म्हणालो. ही माझी पहिली चूक.

पहाटे पाचला अंधारात मी स्वतःला नटवलं. सुती बनियन, त्यावर सुती टी-शर्ट, त्यावर आईचे दोन स्वेटर, त्यावर जाडजूड जॅकेट. खाली जीन्स. पायात एकावर एक तीन सुती मोजे, आणि ते बुटात मावेनात म्हणून नाडी करकचून बांधलेली. सगळ्यावर भडक नारिंगी बंडी आणि टोपी. हंगामात जंगलात शिरताना नारिंगी किंवा गुलाबी घालणं तिथे सक्तीचं आहे, म्हणजे दुसरा शिकारी तुम्हाला हरीण समजत नाही. हरणाला तो रंग आपल्यासारखा भडक दिसत नाही, ही त्यातली गंमत.

केबिनपासून मचाण दीडेक किलोमीटरवर. घोट्याच्या वर बर्फ, खाली दलदलीची उंचसखल जमीन, दोन्ही बाजूंना स्प्रूस आणि भूर्जाची झाडं. चालायला चाळीस मिनिटं लागली. आणि खरं सांगतो, मी मजेत होतो! उणे १४ मध्ये मला उकडत होतं. पाठीवरून घामाचे ओघळ जात होते आणि मी मनात आईचे आभार मानत होतो. मित्राकडे पाहिलं तर तो एका पातळ जॅकेटवर चाललेला, जाड कोट पाठीवरच्या पिशवीला बांधलेला. मला वाटलं, विसरला बिचारा घालायला.

मचाण म्हणजे दोन झाडांच्या आधाराने बारा फुटांवर ठोकलेल्या फळ्या आणि बसायला एक बाक. सूर्योदयाच्या आधी अर्धा तास गोळी झाडायची मुभा सुरू होते, त्याच्या आत आम्ही वर होतो. तिथे पोचल्यावर मित्राने अंगातलं आतलं बनियन बदललं, उघड्या अंगाने, त्या थंडीत! मग जाड कोट चढवला, बुडाखाली फोमचा तुकडा घेतला, पायाखाली जुन्या गालिचाचा. एक तुकडा त्याने माझ्याकडेही सरकवला. मी मानेनेच "नको" म्हटलं.

मी बी.ई. आहे, थर्मोडायनॅमिक्सचा पेपर पहिल्याच फटक्यात सोडवलेला. तरी हे साधं गणित तेव्हा सुचलं नाही. नुसतं बसलेलं माणसाचं शरीर साधारण १०० वॅटच्या बल्बएवढी उष्णता देतं. बर्फातून ओझं घेऊन चालताना तेच शरीर त्याच्या चारपाच पट देतं. मी कपडे घातले होते बल्बसाठी आणि चालत होतो शेगडी पेटवून. मग शेगडी विझली आणि उरला घाम. कपडे ऊब देतात ते त्यांच्यात अडकलेल्या हवेमुळे. सुती कापडात घाम शिरला की त्या हवेची जागा पाणी घेतं, आणि पाणी हवेच्या पंचवीसेक पट वेगाने उष्णता ओढून नेतं. तीन मोज्यांचीही तीच कथा. घट्ट बुटात ते इतके दाबले गेले होते की हवेला जागाच नव्हती, आणि रक्ताला नीट वाट नव्हती.

पहिली वीस मिनिटं बरी गेली. उजाडलं. बर्फावर आधी निळा, मग गुलाबी उजेड आला. इतकी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. मग पाठीवर कुणीतरी थंड ओला हात ठेवल्यासारखं वाटलं, आणि तो हात काही उठेना. अर्ध्या तासाने पायाची बोटं दुखायला लागली. नंतर दुखायची थांबली. मला वाटलं, बरं झालं. वास्तविक ते अजिबात बरं झालेलं नव्हतं. थंडी वाढली की शरीर हातापायांचं रक्त आवरून पोटाकडे, छातीकडे ठेवतं. सर्व्हरवर ताण आला की आपण बिनमहत्त्वाच्या प्रक्रिया बंद करतो, अगदी तसंच. फक्त इथे बिनमहत्त्वाची प्रक्रिया म्हणजे माझी बोटं होती.

दीड तास मी काही बोललो नाही. हलायचं नसतं, बोलायचं नसतं हे खरं, पण खरं कारण ते नव्हतं. त्याचा वर्षातला एवढाच शनिवार-रविवार, आणि "मला थंडी वाजते" असं म्हणून तो नासवायचा? शिवाय रात्री "भरपूर आहेत" म्हणून बसलो होतो. दातावर दात आपटू नयेत म्हणून मफलर चावून बसलो.

मग ते आलं. साठ-सत्तर पावलांवर झाडांतून एक नर, डोक्यावर चांगली फांद्यांची शिंगं. मित्राने इतक्या हळू बंदूक उचलली की मला ती हलताना दिसलीच नाही. हरणाने मान खाली घातली. आणि माझ्या अंगात भरलेल्या हुडहुडीने बाकाची फळी कुरकुरली. एकदा, दोनदा. हरणाने मान वर केली, पांढरी शेपटी झेंड्यासारखी उभारली आणि दोन उड्यांत ते दिसेनासं झालं.

मित्र माझ्याकडे वळला. तो रागावेल असं वाटलं होतं. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला आणि काहीतरी विचारलं. मी उत्तर दिलं. नंतर त्याने सांगितलं की मी कुठल्यातरी भलत्याच भाषेत बोललो. म्हणजे मराठीत. मला ते अजिबात आठवत नाही. मग त्याने मला जॅकेटची चेन लावायला सांगितली आणि माझ्या बोटांना ती सापडेना. एवढं पाहून त्याने बंदूक रिकामी केली, पिशवीतली कोरडी लोकरीची बंडी काढली, माझे ओले कपडे उतरवून ती मला घातली, वर स्वतःचा कोट चढवला, तोंडात चॉकलेट कोंबलं आणि मला शिडीवरून एकेक पायरी धरून उतरवलं. परतीच्या वाटेवर तो मला सतत बोलतं ठेवत होता. इंदूरचं हवामान कसं असतं, असं विचारत होता!

केबिनमध्ये त्याचे वडील एकटेच चहा पीत बसले होते. त्यांनी मला पाहिलं आणि एक शब्दही न विचारता कामाला लागले. कोरडे कपडे, गोधडीसारखी जाड रजई, गोड गरम कोको. मी हात चोळायला लागलो तर मनगट धरलं. बधिर झालेलं अंग चोळायचं नाही, आतल्या आत इजा होते. हात स्वतःच्या काखेत. पाय स्टोव्हजवळ न्यायचे नाहीत, कारण बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही. ते त्यांनी चक्क स्वतःच्या पोटाशी धरले. सत्तरीतला माणूस, माझ्या वडिलांहून मोठा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पांढरीफटक पडलेली बोटं हळूहळू लाल झाली तेव्हा जी कळ आली ती सांगण्यात अर्थ नाही, पण ती आली म्हणून ते हसले.

फिनिश घरांत असतो तसा त्यांच्या अंगणात सौना होता. मला वाटलं, आता तिकडे नेतील. "संध्याकाळी," ते म्हणाले. थंडीने खचलेल्या माणसाला एकदम उकाड्यात नेत नाहीत. ब्रँडीचं मीच हळूच विचारलं, कारण आपल्याकडे प्रत्येक काका थंडीवर तोच उपाय सांगतो. त्यावर त्यांनी नुसती मान हलवली. दारूने कातडीकडचं रक्त वाढतं, गरम वाटतं, आणि आतली ऊब मात्र बाहेर निघून जाते.

हरणाबद्दल कोणीच काही बोललं नाही. शेवटी मीच माफी मागितली. मित्र म्हणाला, "हरीण गेलं त्याचं काही नाही. तू दीड तास गप्प का बसलास?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, अजूनही नीटसं नाही.

दुपारी वडिलांनी टेबलावर कपड्यांचा ढीग मांडला आणि शिकवणी घेतली. अंगाला लागून पातळ लोकर, कारण लोकर बराच ओलावा पोटात घेऊनही ऊब टिकवते. त्यावर सैल जाड लोकर. सर्वांत वर वारा अडवणारं. आईचा एक स्वेटर त्यांनी उलटासुलटा करून पाहिला, लोकर चिमटीत धरली आणि ढिगात दुसऱ्या थराला ठेवला. मोजे दोनच, बुटात बोटं हलली पाहिजेत. हँड वॉर्मरच्या पुड्या दाखवल्या. त्यात लोखंडाची भुकटी असते, हवा लागली की ती गंजते आणि गंजताना तापते. लोखंडाच्या खाणीच्या गावात लोखंडाच्या गंजावर हात शेकायचे, हे मला फार आवडलं. आणि मुख्य म्हणजे, "निघताना तुला थंडी वाजली पाहिजे. वाजत नसेल तर जास्त घातलंयस."

मी डिंकाचे लाडू काढले. दिवाळीच्या पार्सलमधले दोनच उरले होते. त्यांनी एक खाल्ला, डिंक दाताखाली आल्यावर थबकले, मग दुसऱ्याकडे बघायला लागले. दिला.

रविवारी पहाटे कुडकुडतच निघालो. हळूहळू चाललो, दोनदा थांबलो, पाठ कोरडी राहिली. वर गेल्यावर दहा मिनिटं थांबून मग जाड कोट घातला, फोमवर बसलो, गालिचाचा तुकडा मागून घेतला. नऊच्या सुमाराला पाय गारठले तसं मित्राच्या कानात सांगितलं. त्याने मान डोलावली, आम्ही खाली उतरून पाच मिनिटं चाललो आणि परत वर आलो. अकरापर्यंत बसलो. हरीण आलं नाही. एक खार आली, माझ्या बुटावर चढून तिने बराच वेळ विचार केला आणि गेली.

निघताना मित्राच्या वडिलांनी गाडीच्या खिडकीतून लोकरीच्या मोज्यांचा जोड आत टाकला. माझे सुती मोजे आत स्टोव्हजवळ वाळत राहिले होते, त्यांची आठवण केली तर म्हणाले, "ते राहू देत इथे. बंदूक पुसायला चांगले आहेत."